विहिरीच्या काठावरची गारगोटी

ज्या मुलखात माणूस पिढ्यान्‌पिढ्या राहतो त्या मुलखातील नवलाच्या वस्तू त्याला नवलाच्या वाटत नाहीत. त्या त्याच्या अंगणात पडलेल्या असतात, बांधात रचलेल्या असतात, मुलांच्या खिशात खुळखुळत असतात, आणि एखाद्या परक्या वाटसरूने थांबून त्यांच्याविषयी पृच्छा केलीच, तर तो एका शब्दात उत्तर देऊन पुन्हा आपल्या कामास लागतो. नाशिक जिल्ह्याच्या दक्षिण भागात, विशेषतः सिन्नर तालुक्यातील कोरड्या पठारी गावांत, असा जो शब्द वर्षानुवर्षे कामी येत आला तो म्हणजे गारगोटी. विहीर खणताना काळ्या कातळाच्या पोटातून पांढरे, गुलाबी, क्वचित हिरवट असे लखलखणारे स्फटिक बाहेर पडावेत, उपसणाऱ्याने क्षणभर हात थांबवावा, काठावरच्यांनी वाकून पाहावे, कोणी तरी ‘गारगोटी आहे’ असे म्हणावे आणि तो दगड ढिगाऱ्यावर फेकला जावा, एवढाच या घटनेचा विस्तार. या एवढ्याशा घटनेलाही इतिहास आहे, आणि तो सिन्नरच्या निमित्ताने सांगावा असे मला फार दिवस वाटत आले आहे. कारण ज्या दगडाला या मुलखाने सहज फेकून दिले त्याच्यासाठी संग्रहालय उभे राहिले तेही याच कसब्याच्या वेशीवर.

सिन्नर हे नाशिकहून पुण्याकडे जाताना सुमारे ३० किलोमीटरांवर लागते. यादवांच्या ताम्रपटांत ज्याचा उल्लेख सिंदिनगर म्हणून येतो ते हेच गाव, असे इतिहासकारांनी मानले आहे; बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने देवगिरीस राजधानी नेली, त्यापूर्वी यादवांचे वैभव या परिसरात नांदत होते. त्या वैभवाची साक्ष असलेले गोंदेश्वराचे मंदिर आजही उभे आहे. मध्यभागी शिवालय, चार कोपऱ्यांस चार लहान देवालये, समोर नंदीमंडप आणि या सर्वांना पेलणारे एक प्रशस्त जोते, अशी ही शैव पंचायतनाची रचना आहे. या मंदिराविषयीही गावाने आपली सहज मते बनविली होती. कोणी ते पांडवांनी एका रात्रीत उभारले म्हणत, कोणी हेमाडपंताने बांधले म्हणत, आणि राव गोविंद नावाच्या धनिकाने दोन लाख रुपये खर्चून ते बांधविले, ही आख्यायिका तर इंग्रजी अमदानीतील नाशिकच्या गॅझेटियरातही जाऊन बसली. हेमाद्री हा तेराव्या शतकातील महादेव आणि रामचंद्र या यादवांचा करणाधिप. मंदिर सामान्यतः अकराव्या-बाराव्या शतकातील मानले जाते. तेव्हा हेमाडपंताचे श्रेय इतिहासाच्या कसोटीस उतरणे कठीण. तथापि एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. मंदिराविषयी लोक जे बोलले ते कोणी तरी टिपून ठेवले. म्हणून आज आपण त्याची रुजवात घालू शकतो, चूक कोठे आणि बरोबर कोठे हे सांगू शकतो. दगडाविषयी लोक जे बोलले ते कोणीही टिपले नाही.

गारगोटीकडे लोकांनी पाहिलेच नाही असे मात्र कोणी समजू नये. उलट ज्या काळात आगकाडी खेड्यात पोहोचली नव्हती त्या काळात गारगोटीवाचून संसार चालत नसे. शेतकऱ्याच्या कमरेच्या पिशवीत तंबाखूशेजारी पोलादाचा एक वाकडा तुकडा, एक चांगली धारदार गारगोटी आणि नळकांड्यात ठेवलेला, आधीच जाळून काळा केलेला कापूस, एवढा सरंजाम नेहमी असे. डाव्या हाताच्या चिमटीत गारगोटी आणि तिच्या कडेलगत कापूस धरून उजव्या हाताने पोलाद वरून खाली सटकन मारले की दगडाच्या कठीण धारेने पोलादाचा सूक्ष्म कण खरवडला जातो, तो हवेत पेटतो आणि ठिणगी होऊन कापसावर पडतो. मग तो कापूस हलकेच फुंकायचा, चिलमीवर किंवा विडीच्या टोकावर टेकवायचा आणि विस्तव झाला की पुन्हा नळकांड्यात कोंडून विझवायचा. ही क्रिया ज्याने आयुष्यभर केली त्याला दगडाची पारख नव्हती असे कोण म्हणेल? कोणती गार ठिणगी देते आणि कोणती भुगा होते, हे तो हातात घेताच सांगू शकत असे. सिन्नर पुढे विड्यांच्या धंद्यासाठी महाराष्ट्रभर प्रसिद्ध झाले. भिकुसा यमासा क्षत्रिय यांच्या कारखान्याचे नाव आणि सिन्नरचे नाव लोकांच्या तोंडी जोडीनेच येऊ लागले. घराघरांतून बायका मांडीवर सूप घेऊन टेंभुर्णीच्या पानांत तंबाखू वळू लागल्या. तोपर्यंत काड्यापेटी सर्वत्र झाली होती. १९२३ साली स्थापन झालेल्या विम्को कंपनीचा कारखाना अंबरनाथला सुरू झाला आणि चकमकीची पिशवी हळूहळू खुंटीवर गेली, मग अडगळीत गेली. तिच्याबरोबर गारगोटीची ती नित्याची पारखही गेली, आणि ही हानी लहान नव्हती.

मुलांपाशी मात्र गारगोटी राहिली. ओढ्याच्या पात्रातून दोन पांढऱ्या गारगोट्या वेचून आणायच्या, रात्री दिवा मालवून किंवा गोधडीच्या आत शिरून त्या एकमेकींवर जोराने घासायच्या, आणि दगडाच्या आतून उमटणारा तो पिवळसर तांबूस उजेड व पाठोपाठ येणारा जळका वास अनुभवायचा, हा खेळ ज्याने खेळला नाही असे देशावरचे मूल विरळा. या उजेडाला उष्णता लागत नाही, तो पाण्याखाली घासल्यानेही दिसतो, हे शोधही मुलांनी आपले आपण लावलेले असत. घर्षणाने प्रकाश देण्याचा हा गुण स्फटिकाचा स्वभावधर्म आहे आणि पदार्थविज्ञानात त्याचा अभ्यास होतो. परंतु शाळेच्या पुस्तकाने हा उजेड मुलाला दाखविला नाही, आणि मुलाने तो दाखविला तेव्हा बहुतेकदा ‘गोधडी जाळशील’ एवढेच उत्तर त्याला मिळाले.

आता विहिरीकडे वळू, कारण गारगोटीचे खरे घर विहिरीत आहे. सिन्नर तालुक्याचा पूर्वभाग, म्हणजे वावी-पाथऱ्याकडची गावे, पर्जन्यछायेत येतात. तेथे शेतकऱ्याच्या आयुष्यातील सर्वांत मोठा खर्च, लग्नकार्याच्याही वरचा, म्हणजे विहीर. इंग्रजी राज्यात १८८३ साली जमीनसुधारणेच्या कर्जाचा कायदा झाला आणि विहिरीसाठी सरकारी तगाई मिळू लागली. मामलेदार कचेरीत अर्ज जाई, तलाठी-कुळकर्णी जागेची नोंद करीत, सर्कल येऊन काम पाहून जाई आणि हप्त्याहप्त्याने रक्कम सुटे. पण जागा ठरविण्याचा अधिकार कचेरीचा नव्हता, तो पाणाड्याचा होता. तो हातात बेचक्याची ओली फांदी किंवा तळहातावर नारळ घेऊन शेत पायांखाली घाली. फांदी वाकली किंवा नारळ उभा राहिला तेथे दगड ठेवला जाई, आणि शुभ दिवस पाहून कुदळ पडे. पाणाड्याच्या फांदीविषयी मला काही सांगावयाचे नाही. परंतु त्याचे डोळे जमिनीचा उतार, झाडांची हिरवळ आणि शेजारच्या विहिरींतून निघालेल्या दगडांचे ढीग पाहत असत, आणि त्या ढिगांत गारगोटी किती आहे याकडेही त्याचे लक्ष असे, यात शंका नाही.

खोदणारे बहुधा वडार समाजाचे. पहार, सुतकी, छिन्नी आणि सुरुंगाची दारू ही त्यांची आयुधे. आणि त्यांची भूगर्भाची भाषा इतकी नेमकी की ती कोणी भूवैज्ञानिकाने ऐकली असती तर वहीत उतरून घेतली असती. वरची काळी माती संपली की मुरूम. मुरूम संपला की मांजऱ्या, म्हणजे छिद्राछिद्रांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा ठिसूळ खडक. त्याखाली अभेद्य काळा पाषाण. मध्येच तांबड्या मातीचा एखादा पातळ थर. आणि पुन्हा मांजऱ्या. पाणी पाषाणात नसते, ते दोन थरांच्या सांध्यात आणि मांजऱ्यात असते, हे वडाराला पक्के ठाऊक असते. म्हणून पाषाण फोडून मांजऱ्या लागला आणि त्यात पोकळी उघडली की तळातून हाक येते.

‘आबा, बघा तरी काय निंघालं! निस्तं चमकतंय.’

‘गारगोटी हाय, दुसरं काय आसनार? टाक भाईर. वल लागली का ते सांग.’

असा संवाद या पठारावर किती वेळा झाला असेल याची गणती होणार नाही. वरकरणी पाहता यात उपेक्षा आहे. ज्याने घर गहाण ठेवून विहीर धरली, ज्याचे वर्षाचे पीक त्या ओलाव्यावर अवलंबून आहे, त्याला खडकाच्या पोकळीतील सौंदर्याचे काय होय? परंतु नीट ऐकल्यास त्या उत्तरात ज्ञानही आहे. गारगोटीपाठोपाठ ओलीची चौकशी होते, कारण जेथे पोकळ्या आहेत तेथून पूर्वी पाणी वाहिले आहे आणि पुन्हा वाहण्याचा संभव आहे, हा अनुभव त्या म्हाताऱ्याच्या बोलण्यामागे उभा आहे. आणि हे सत्य आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीवर लाव्ह्याचे पूर एकामागून एक पसरले. प्रत्येक थर निवत असताना त्यातील वायूंचे बुडबुडे वरच्या भागात अडकून राहिले व त्यांच्या पोकळ्या झाल्या. पुढे दीर्घकाळ खडकातून झिरपणारे उष्ण जल सिलिका, चुना, सोडा असे पदार्थ विरघळवीत या पोकळ्यांत शिरले आणि तेथे आपले ओझे थराथराने उतरवून गेले. आधी भिंतीला कॅल्सेडनीचे किंवा ह्युलंडाइटचे अस्तर, त्यावर स्टिल्बाइट, त्यावर कोठे ॲपोफिलाइट, कोठे कॅल्साइट, असा क्रम अनेक पोकळ्यांतून आढळतो. गावाने ज्यांना सरसकट गारगोटी म्हटले त्यांत खरी गारगोटी, म्हणजे क्वार्ट्‌झ, थोडी. पुष्कळसे स्फटिक झिओलाइट कुळातील व त्यांच्या सोबत्यांपैकी. चकमकवाल्याला हा भेद नावाने नव्हे तरी गुणाने माहीत होता: खरी गारगोटी काचेवर ओरखडा काढते, स्टिल्बाइटवर चाकूनेच ओरखडा निघतो.

युरोपात या दगडांकडे प्रथम लक्ष गेले तेही एका साध्या प्रयोगामुळे. स्वीडनमधील क्रोनस्टेट नावाच्या खनिजवेत्त्याने १७५६ साली असा एक स्फटिक फुंकनळीच्या ज्वाळेत धरला, तेव्हा तो उकळल्यासारखा फेसाळला. दगडाच्या घटनेतच पाणी कोंडलेले असल्याचा तो पुरावा होता. पुढे कर्नल साइक्स हा लष्करी अंमलदार, ज्याची १८२४ साली मुंबई सरकारने दख्खनची सांख्यिकी माहिती जमविण्याच्या कामी नेमणूक केली होती, या मुलखातून वर्षानुवर्षे फिरला. गावांची जमाबंदी, धान्याचे दर, पक्षी, मासे, पाऊस यांबरोबर त्याने खडकही पाहिले आणि १८३३ सालच्या आपल्या निबंधात दख्खनच्या थराथरांच्या काळ्या खडकाचे वर्णन केले. त्याच सुमारास, १८३१ साली, लंडनच्या ब्रूक या खनिजवेत्त्याने पुण्याकडून आलेल्या एका सूच्याकार खनिजास ‘पूनालाइट’ हे नाव दिले. कालांतराने ते मेसोलाइटच असल्याचे ठरले आणि नाव मागे पडले. नाव टिकले नाही याचे वैषम्य वाटण्याचे कारण नाही. महत्त्वाचे हे की दगडासोबत ‘पुणे’ एवढी एक चिठ्ठी तरी लंडनपर्यंत गेली होती.

खरी लयलूट झाली ती रेल्वेच्या कामात. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाट फोडला गेला, त्यात २५ बोगदे खणले गेले, एका वेळी ४०,००० च्या वर मजूर तेथे राबत होते. १८६५ साली थळघाटातून गाडी इगतपुरीस आली. या दोन्ही कामांत सह्याद्रीचे पोट जेवढे उघडे पडले तेवढे पूर्वी कधीही पडले नव्हते. बोरघाटाच्या कटाईतून निघालेले ॲपोफिलाइट आणि स्टिल्बाइट यांचे भव्य स्फटिक युरोपातील संग्रहालयांत पोहोचले आणि खनिजशास्त्राच्या ग्रंथांत मुंबई इलाख्याचे नाव या खनिजांसाठी येऊ लागले. ज्या मजुरांच्या पहारेखाली ही दालने प्रथम उघडली, ज्यांतील हजारो पटकीने आणि अपघाताने घाटातच निजले, त्यांच्या तोंडून त्या क्षणी कोणते शब्द निघाले हे कोणत्याही दप्तरात नाही. नमुन्याच्या चिठ्ठीवर संग्राहकाचे नाव असते, फोडणाऱ्याचे नसते. ही त्या शास्त्राच्या इतिहासातील उणीव आहे आणि ती आता भरून निघण्याजोगी नाही.

आपल्याकडे लिहिणारे नव्हते असेही नाही. बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली ‘दिग्दर्शन’ काढले आणि सृष्टिविषयक माहिती मराठीत आणण्यास प्रारंभ केला. १८६७ पासून ‘विविधज्ञानविस्तार’ चालले. १९२८ साली पुण्यात ‘सृष्टिज्ञान’ मासिक निघाले. मुंबईत १८७२ साली व्हिक्टोरिया आणि आल्बर्ट संग्रहालय, म्हणजे आजचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, लोकांना खुले झाले. ज्ञान देणारी द्वारे उघडत होती. परंतु सिन्नरच्या एखाद्या कुणब्याला विहिरीत नवल सापडले तर ते कोठे कळवावे, याची सोय कोठेही नव्हती. पाटलाच्या चावडीवर सापडलेल्या धनाची वर्दी द्यावी लागे, बेवारस गुराची द्यावी लागे, मृताची द्यावी लागे. दगडाची वर्दी घेणारा कारकून नव्हता. दप्तराचा स्वभाव असा की ज्यावर सारा बसतो किंवा ज्यावरून तंटा होतो तेवढेच त्याला दिसते. डुबेऱ्याच्या बर्व्यांच्या वाड्यात १८ ऑगस्ट १७०० रोजी थोरला बाजीराव जन्मला, हे सिन्नर तालुक्यातील पोरालाही ठाऊक आहे, कारण राजकारणाच्या नोंदी ठेवण्याची आपली परंपरा प्रदीर्घ आहे. पायाखालच्या भूमीची नोंद ठेवण्याची परंपरा मात्र आपण घडविली नाही.

अशी नोंद झाली असती तर काय लाभले असते, याचे उत्तर सिन्नरच्या शेजारीच मिळते. संगमनेरजवळ प्रवरेकाठी जोर्वे हे गाव आहे. तेथे आकस्मिकपणे तांब्याच्या काही सपाट कुऱ्हाडी सापडल्या. त्या वितळवून भांडी करणे सहज शक्य होते. परंतु गोष्ट अभ्यासकांच्या कानांवर गेली, १९५०-५१ साली डॉ. हसमुख सांकलिया आणि डॉ. शां. भा. देव यांनी नाशिक व जोर्वे येथे उत्खनन केले, आणि महाराष्ट्रातील आरंभीच्या शेतकऱ्यांच्या ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीस त्या लहानशा गावाचे नाव मिळाले. ते शेतकरी ज्या नाजूक पात्यांनी कापणी, सोलणी, कोरणी करीत ती कॅल्सेडनीची, म्हणजे लोकभाषेत गारगोटीचीच होती. पुढे १९७४ साली दायमाबादला झाडाचे खोड उपटताना एका भिल्ल कष्टकऱ्यास काशाचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले. आणि ती विलक्षण शिल्पे वितळली न जाता अभ्यासकांपर्यंत पोहोचली म्हणून आज आपल्याला ठाऊक आहेत. गारगोटीच्याच गोत्रातील अकीक तर इसवी सनाच्या पहिल्या शतकात पैठणाहून गाड्या भरभरून भडोच बंदरी जात असे, हे ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये नमूद आहे. म्हणजे या दगडाची किंमत आपल्या पूर्वजांना कळत नव्हती, असे नाही. मधल्या शतकांत ती स्मृती लोपली.

१९७२ च्या दुष्काळाने तर दगड हाच महाराष्ट्राचा रोजगार झाला. १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पाझर तलाव, विहिरी, रस्ते आणि खडी फोडणे ही ती कामे. डोक्यावर फडके, हातात लहान हातोडा आणि समोर दगडांचा ढीग घेऊन आयाबाया दिवसभर खडी फोडीत, आणि मोजणी ब्रासवर होई. त्या ढिगांतून किती स्फटिक चूर होऊन रस्त्यांखाली गेले असतील हे सांगणे अशक्य आहे, आणि त्याबद्दल त्या मायमाउल्यांना बोल लावणे अन्यायाचे आहे. घरी भाकरी नव्हती. परंतु दुष्काळ सरल्यावरही खाणी चालूच राहिल्या, हातोड्यांच्या जागी मोठी यंत्रे आली, आणि खडी सरकारी भाषेत ‘गौण खनिज’ म्हणून स्वामित्वधन भरून ब्रासाच्या हिशेबाने जाऊ लागली. खाणीच्या दप्तरात दगडाचे घनमान लिहिले जाते. त्या दगडाच्या पोटात काय होते यासाठी रकाना नाही.

याच काळात परदेशी संग्राहकांची मागणी वाढली आणि गारगोटीचा व्यापार उभा राहिला. नाशिकजवळ पांडवलेण्याच्या बाजूच्या खाणी, पुण्याजवळ पाषाणच्या टेकड्या, वाघोलीच्या खाणी, राहुरीजवळचे मोमीन आखाडा, जळगावकडील खाणी ही नावे जगातील खनिजसंग्राहकांच्या जिभेवर आली. वाघोलीस निघालेला कॅव्हनसाइट हा निळाभोर स्फटिक तर असा की, मूळ शोध अमेरिकेतील ऑरेगनमध्ये लागलेला असूनही जगातील सर्वोत्कृष्ट नमुने वाघोलीचेच मानले जातात. २००१ साली मोमीन आखाड्याच्या एका विहिरीतून हिरव्या ॲपोफिलाइटचे जे झुबके निघाले त्यांची कीर्ती अद्याप ओसरलेली नाही. आणि ध्यानात घ्या, तीही विहीरच होती, पाण्यासाठी खणलेली. अजिंठा आणि वेरूळ येथे प्रवाशांभोवती गर्दी करणारे विक्रेते ओंजळीत जे चमकते गोळे दाखवितात तेही याच कुळातील. या व्यापाराने अनेक घरे जगविली, अनेक स्फटिक खडी होण्यापासून वाचविले. पण खरेदीदार आपली जागा गुप्त ठेवू लागला, एका खाणीचा माल दुसरीच्या नावाने खपू लागला, आणि दगड वाचला तरी त्याचे गाव हरवले. ज्याला आपल्या जन्मस्थानाची चिठ्ठी नाही असा नमुना डोळ्यांना कितीही सुख देवो, शास्त्राला तो अर्धा मुका आहे.

या पार्श्वभूमीवर सिन्नरच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतील संग्रहालयाकडे पाहिले पाहिजे. (हे माळेगाव म्हणजे यंत्रमागांचे मालेगाव नव्हे, बाहेरगावच्या वाचकाची येथे नेहमी गफलत होते.) के. सी. पांडे यांनी दख्खनच्या खाणींतून आणि विहिरींतून जमविलेल्या स्फटिकांसाठी २००१ साली हे संग्रहालय उघडले आणि त्याला नाव दिले ‘गारगोटी’. कारखान्यांच्या पत्र्यांच्या छपरांमधून वाट काढीत आपण आत शिरतो, आणि विहिरीच्या काठावर एका शब्दाने निकालात निघालेली ती सारी प्रजा काचेआड, दिव्यांच्या उजेडात, आपापल्या नावांनिशी उभी दिसते. यांतील स्टिल्बाइटचा एखादा मोठा नमुना निरखून पाहावा. फिक्या गुलाबी, पिकत्या पीचच्या रंगाची पातळ पाने एकमेकींना चिकटून उभी असतात, मध्ये आवळलेली आणि दोन्ही टोकांस उमललेली, हुबेहूब कापून बांधलेली गव्हाची पेंढी. पानांच्या कडा काचेसारख्या, पण सपाट अंगावर मोत्याची झाक. आणि पेंढ्यांच्या बेचक्यात ॲपोफिलाइटचा एखादा चौकोनी, पाण्याइतका स्वच्छ स्फटिक रुतून बसलेला, ज्याच्या माथ्यावरून दिव्याची तिरीप एकाच बाजूला सांडते. शेजारी स्कोलेसाइटच्या पांढऱ्या सूच्यांचा पंखा असतो. त्यास बोट लागले तर तो मोडेल, आणि कोट्यवधी वर्षे जो पोकळीत अभंग राहिला तो खाणीतून संग्रहालयापर्यंत कसा आणला असेल, याचा विचार करता तो बाहेर काढणाऱ्या अज्ञात हातांविषयी आदर दाटून येतो.

येथे येणाऱ्या ग्रामस्थांचे बोलणे मला पाहण्याइतकेच ऐकण्यासारखे वाटते. शिर्डीच्या वाटेवर गाडी थांबवून आलेली कुटुंबे असतात, शाळेच्या सहली असतात, आसपासच्या गावांतील पिकल्या केसांचे शेतकरी असतात. काचेपुढे उभा राहून एखादा म्हातारा नातवाला सांगतो की असला दगड आपल्या मळ्यातल्या जुन्या विहिरीला निघाला होता, पुरुषभर खाली, पाषाण संपल्यावर. त्याचे तुकडे तुळशीवृंदावनात लावले होते, एक देव्हाऱ्यात होता, बाकीचे बांधात गेले. हे तो अभिमानाने सांगत नाही, खेदानेही सांगत नाही. आठवले म्हणून सांगतो. परंतु त्या दोन वाक्यांत गाव आहे, जागा आहे, खोली आहे, थर आहे आणि साल काढता येईल असा धागाही आहे. काचेआडच्या कित्येक सुंदर नमुन्यांपाशी जे नाही ते या म्हाताऱ्याच्या सहज बोलण्यात आहे. विद्वानांनी लोकांच्या अशा बोलण्याला अडाण्यांचे बोलणे म्हणून बाजूस सारले, ही माझ्या मते आपल्या ज्ञानव्यवहारातील मोठी चूक होय. चूक लोकांची नव्हती; ते पाहत होते, बोलत होते, दगडाची जात ओळखीत होते. उणीव होती ती ऐकून लिहिणाऱ्याची.

आणि अजून वेळ गेलेली नाही. तालुक्यात शेततळी खणली जात आहेत, विहिरी खोल होत आहेत, रस्त्यांची रुंदीकरणे चालली आहेत. दररोज कोठे ना कोठे दख्खनचा एखादा कोनाडा प्रथमच उजेडात येत आहे. सिन्नर महाविद्यालयातील भूगोलाच्या विद्यार्थ्याला, जिल्हा परिषदेच्या शाळेतील मास्तरांना, ग्रामपंचायतीच्या सेवकाला हे काम अवघड नाही. त्यासाठी यंत्र लागत नाही, पदवी लागत नाही. वाचकहो, आपल्या किंवा शेजाऱ्याच्या विहिरीत उद्या असा दगड निघाला तर तो देव्हाऱ्यात ठेवा, मुलांना द्या, हवा तर विका. पण त्यापूर्वी एका कागदावर गावाचे नाव, गट क्रमांक, तारीख, किती हात खोलीवर आणि कोणत्या थरात तो सापडला, आणि तो प्रथम पाहणाऱ्या माणसाचे नाव एवढे लिहा व तो कागद दगडासोबत राहू द्या.